दोनशे रुपयांची पावती

इंजिनिअरिंगला आल्यापासून आपण नेमकं गोळा काय करतो? नोट्स म्हणाल तर त्या झेरॉक्सच्या, जर्नल म्हणाल तर ते सिनिअरचं, आणि ज्ञानाबद्दल आपण व्हायवाच्या दिवशीच बोलू! खरं म्हणजे आपण गोळा करतो पावत्या. ट्यूशन फीची, होस्टेल डिपॉझिटची, मेसची, एक्झाम फॉर्मची, लायब्ररीच्या फाइनची... कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अंथरलेल्या पेपराखाली त्या पडून असतात. पावतीवर आपण वाचतो फक्त आकडा. पैसे गेले, विषय संपला. बाकी त्या कागदावर काय छापलंय, काय पेनाने लिहिलंय, सही कुणाची, शिक्का कशाचा, हे बघायची सवय असते कुणाला?

मला ती सवय एका पावतीने लावली. पार्किंगच्या दंडाची पावती, रुपये दोनशे फक्त. तिच्यापायी चार महिने गेले, एक सुनावणी झाली, आणि दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये जे मराठी शिकायचं राहून गेलं होतं तेही शिकून झालं. मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "पावसाळ्यावर लिही, नाहीतर मैत्रीवर लिही." पण म्हटलं, पावसाळ्यावर दरवर्षी चार लेख येतातच. पावतीवर कोण लिहिणार?

तर झालं असं. आपला जालना जिल्हा. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते आपण सगळेच ऐकून आहोत. शहराची नगरपरिषद जाऊन २०२३ साली महानगरपालिका झाली. पण तालुक्यांच्या गावांत अजून नगरपरिषदा आणि नगरपंचायतीच आहेत. तिथला कारभार मुख्याधिकारी बघतात. अशाच एका गावात माझं घर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कारण पप्पांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान तिथं आहे, आणि दुकानाचा गाळाही तिथल्या कार्यालयाच्याच मालकीचा आहे. हा गाळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस होते. आबांच्या पेन्शनचं काम म्हणून मी मम्मीची स्कूटी घेऊन बँकेत गेले. गाडी रस्त्याच्या कडेला, भिंतीला लागून, बाकीच्या आठ-दहा गाड्यांच्या ओळीत लावली. वीस मिनिटांत बाहेर आले तर पुढच्या चाकाला साखळी आणि कुलूप! बाजूला पावती पुस्तक घेऊन एक मुलगा उभा. माझ्याच वयाचा असेल.

"ताई, नो पार्किंगय इथं. दोनशे द्या."

"बोर्ड कुठाय?"

"बोर्ड यायचाय."

"बोर्ड यायचाय, मग नो पार्किंग आधीच कसं आलं?"

"साहेबांनी सांगितलंय."

"कोणत्या साहेबांनी?"

"वाद कशाला घालायलात ताई? पावती देऊ लागलो की!"

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. पावती देतोय म्हणजे काम रीतसरच असणार, असा त्याचा हिशोब. माझ्या पुढे एक काका होते, मोसंबीवर फवारायचं औषध घेऊन गावाकडे निघालेले. मोटरसायकलच्या हँडलला पिशवी लटकवलेली. त्यांनी एक शब्द न बोलता खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या, कुलूप उघडून घेतलं आणि गेले. मीही दोनशे दिले, कारण गाडी घरी न्यायची होती. पण जायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढले. गाडी, भिंत, रस्त्याची दोन्ही टोकं, साखळी. तारीख-वेळेसकट. पावती चार घड्या न घालता वहीत ठेवली.

घरी येऊन ती नीट वाचली. वर छापलं होतं, 'वाहनतळ शुल्क, दुचाकी रु. १०/-'. त्यातला दहा पेनाने खोडून '२००' केलेले आणि वर तिरप्या अक्षरात 'दंड'. पावती क्रमांक ४१. गोल शिक्का होता, पण इतका फिका की बाहेरचं वर्तुळच काय ते दिसत होतं. सही म्हणजे एक वेलांटी. कलम नाही, नियम नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही.

होस्टेलवर परत आल्यावर मी कायदा शोधायला बसले. (सबमिशन सोडून बाकी सगळं करायला आपल्याला वेळ असतोच!) मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करायच्या जागा राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो, आणि तेही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. कलम ११६ वाहतुकीच्या चिन्हांबद्दल आहे, म्हणजे आपल्या भाषेत बोर्ड. काही जागा अशा आहेत की तिथे बोर्ड नसला तरी गाडी लावता येत नाही. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, पूल, वळण, बस स्टॉप, कुणाच्या फाटकासमोर. माझी गाडी यातल्या कशातच बसत नव्हती. मी फोटो समोर ठेवून एकेक मुद्दा तपासला, लॅबमध्ये रीडिंग तपासतो तसा.

आणि दंड किती? कलम १७७ मध्ये पूर्वी पहिल्या वेळेला शंभर रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेपर्यंत गेला आणि पुन्हा केल्यास पंधराशेपर्यंत. महाराष्ट्राने हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू केले. आपण चौकात पोलिसांकडे जी रक्कम भरतो ती कलम २०० खालची 'तडजोड' असते. म्हणजे न्यायालयात जाण्याऐवजी, सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे भरलेली रक्कम. तडजोड मान्य नसेल तर न्यायालयात जाऊन आपलं म्हणणं मांडता येतं. वाहतूक पोलिसांचं ई-चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करायची सोय आहे. पण माझ्या हातात चलान नव्हतंच. माझ्या हातात होती दहा रुपयांची पावती, जी कुणीतरी पेनाने दोनशेची केली होती.

रूमवर चर्चा सुरू झाली. आमच्या विंगमध्ये कशावरही चर्चा होते, फक्त सिलॅबस सोडून. एकीचं म्हणणं, "दोनशे रुपयांसाठी एवढं? तेवढ्यात दोन पिझ्झे पण येत नाहीत." दुसरी म्हणाली, "चिल कर यार." मला मात्र ते औषधाची पिशवीवाले काका आठवत होते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे भर उन्हात माती उपसणाऱ्या माणसाच्या दिवसातले दोन-तृतीयांश तास, एका न लावलेल्या बोर्डासाठी गेले!

शिवाय ही गोष्ट काही आपल्याच गावची नाही. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसवलं गेलं. कल्पना कार्ल मॅगी नावाच्या गृहस्थांची, आणि यंत्र बनवलं त्याच राज्यातल्या एका कॉलेजातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक थ्युसन आणि त्यांचा माजी विद्यार्थी हेल यांनी. (म्हणजे या दुखण्याचं मूळ आपल्याच बिरादरीत आहे!) तासाला पाच सेंट. पुढच्याच महिन्यात एका पाद्रीला दंडाची चिठ्ठी लागली. बिचारा मीटरमध्ये टाकायला सुटे पैसे नाहीत म्हणून किराणा दुकानात गेला होता. तो कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी प्रकरण काढून टाकलं. मीटर जन्मलं त्याच वर्षी मीटरविरुद्धची तक्रारही जन्मली.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी अजून एक. लंडनच्या जोशुआ ब्राउडर नावाच्या मुलाने २०१५ मध्ये पार्किंगच्या दंडाविरुद्ध अर्ज लिहून देणारा एक चॅटबॉट बनवला. वय माझ्यापेक्षाही कमी. २०१६ च्या मध्यापर्यंत लंडन आणि न्यूयॉर्कमधली १,६०,००० चलानं त्याने रद्द करवली, अशा बातम्या आल्या. पुढे त्याच्या कंपनीने 'रोबो वकील' म्हणून जाहिरात केली, आणि तो दावा खोटा ठरवून तिथल्या सरकारी आयोगाने २०२४-२५ मध्ये तिला १,९३,००० डॉलर भरायला लावले. म्हणजे यंत्र अर्ज लिहून देईल, पण पुढची लढाई माणसालाच करावी लागते.

आपल्याकडे मुंबईत ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावली तर पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड सुरू केला. केवढी ओरड झाली! त्याच महिन्यात खुद्द महापौरांची गाडी नो-पार्किंगमध्ये दिसली आणि पोलिसांनी तिला ई-चलान पाठवलं. मला हे आवडलं. दंड मोठा असो की छोटा, बोर्ड सगळ्यांना सारखा वाचता यायला हवा, महापौरांना आणि मोसंबीवाल्या काकांनाही.

आणि दोनशे रुपये कमी वाटत असतील तर मथुरेच्या त्या वकिलांची गोष्ट ऐका. १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर त्यांच्याकडून दोन तिकिटांचे सत्तरऐवजी नव्वद रुपये घेतले. वीस रुपये जास्त! ते ग्राहक न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये जिंकले. बावीस वर्षं. रूम-पार्टनर म्हणाली, "तू बावीस वर्षं लढलीस तर आपण तोपर्यंत बेचाळीस वर्षांच्या काकू होऊ." मी म्हटलं, चालेल.

आता खरी अडचण पुढेच होती. अर्ज मराठीत लिहायचा होता!

शाळेत आम्हाला अर्ज शिकवला होता तो असा : 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट...' त्याचंच मराठी करून मी लिहिलं, 'आदरणीय महोदय, अत्यंत आदरपूर्वक मी आपणास याचना करते की...' तेवढ्याने समाधान होईना म्हणून मोबाईलवरच्या एआयलाही विचारलं. त्याने तर 'अत्यंत दुःखद अंतःकरणाने' सुरुवात केली, जसं काही कुणी वारलंय! शनिवारी घरी गेले आणि दोन्ही कागद आबांपुढे ठेवले.

आबा म्हणजे पप्पांचे वडील. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही मसुदे वाचले आणि इतके हसले की आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पोरी, याचना कशाला? आपण भीक मागायलोत का? कागद मागायलोत."

मग त्यांनी मला दोन संध्याकाळ शिकवलं. विषय, संदर्भ, दिनांक, स्थळ, सोबत जोडलेली कागदपत्रं. 'उपरोक्त विषयान्वये' म्हणजे काय. 'जा.क्र.' म्हणजे जावक क्रमांक. 'पोच' म्हणजे आपण अर्ज दिला याचा पुरावा. ठेका म्हणजे काय हेही त्यांनीच सांगितलं. बाजारात जागा घेऊन बसणाऱ्यांकडून फी घेतात तिला आपल्या मराठवाड्यात अजून जुने लोक तहबाजारी म्हणतात, निजामाच्या काळातला शब्द. अशी फी गोळा करायचं काम लिलावाने ठेकेदाराला देतात. वाहनतळाचंही तसंच.

"ठेकेदाराला फी गोळा करायचा ठेका असतो," आबा म्हणाले. "दंड करायचा नसतो. दंड करायला कायद्याने दिलेला अधिकार लागतो, आणि अधिकार असेल तर तो कुठंतरी कागदावर असणारच. तो कागद माग."

त्यासाठी माहितीचा अधिकार. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' नावाचा नमुना असतो, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. (आपल्या थिअरी पेपरला हा नियम असता तर!) उत्तराला तीस दिवस. आबांनी दिलेला सगळ्यात मोलाचा सल्ला हा : "'का' विचारू नको. 'का केलं' याला उत्तर द्यायचं बंधन नाही. कागदाची प्रत माग. कागद असेल तर द्यावा लागतो, नसेल तर 'नाही' असं लिहून द्यावं लागतं. आणि ते 'नाही' हाच आपला पुरावा."

मी चार गोष्टी मागितल्या. ती जागा नो-पार्किंग ठरवल्याच्या आदेशाची प्रत. ठेकेदाराशी झालेला करारनामा आणि दरपत्रक. दंड घेण्याचा अधिकार देणारा आदेश. आणि त्या दिवसाच्या पावती पुस्तकाच्या स्थळप्रती, म्हणजे कार्यालयाकडे उरणाऱ्या कार्बन कॉप्या. माहितीचा अर्ज कागद देतो, पैसे परत देत नाही. म्हणून दोनशे रुपये परत मागणारा तक्रार अर्ज वेगळा लिहिला.

पप्पा हे सगळं बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, "अगं, गाळ्याचा करार मार्चमध्ये संपायलाय. रिन्यू तेच लोक करणार आहेत. दोनशे मी देतो तुला, विषय सोड."

मी म्हटलं, "पप्पा, मी फक्त कागद मागतेय."

"कागद मागितले म्हणूनच लोकांवर काय काय वेळ आली ते वाचलंयस का?" त्यांनी तळेगावच्या सतीश शेट्टींचं नाव घेतलं. माहिती अधिकारातून जमिनींची प्रकरणं बाहेर काढणारे हे कार्यकर्ते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. मी तेव्हा बालवाडीत होते. पप्पांना ती तारीख पाठ होती. कुठे जमिनींची प्रकरणं आणि कुठे माझी स्कूटी, हे त्यांनाही कळत होतं. पण भीती काही गुणोत्तर बघून येत नाही. त्या रात्री कुणीच जास्त बोललं नाही. सकाळी निघताना आबा पप्पांना एवढंच म्हणाले, "तिच्या नावानं अर्ज जाऊ दे. तुझं नाव त्यात नाही." पप्पा गप्प राहिले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

कार्यालयात टपाल घेणारे भाऊसाहेब म्हणाले, "साहेब मीटिंगला गेलेत. ठेवून जा, पोच उद्या देऊ." आबांनी बजावलं होतं, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. मी बाकड्यावर बसले आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पुस्तक काढलं. लाप्लास ट्रान्सफॉर्म मला तेव्हा जेवढा समजला तेवढा वर्गात कधी समजला नव्हता! साडेचारला भाऊसाहेब कंटाळले. दोन्ही अर्जांवर धाडकन शिक्का, तारीख, आवक क्रमांक. चहाही पाजला त्यांनी. माणूस वाईट नव्हता.

तीस दिवस गेले. उत्तर नाही. मधे विंटर एक्झाम झाली. मग प्रथम अपील, वीस रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. मुदतीत माहिती दिली नाही तर नंतर ती फुकट द्यावी लागते, हेही अपिलात लिहिलं. जानेवारीच्या शेवटी सुनावणीचं पत्र आलं. सकाळच्या एसटीने, महिला सन्मानच्या अर्ध्या तिकिटात, फाईल मांडीवर घेऊन मी निघाले. मला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं कोर्ट असेल. तर ते होतं मुख्याधिकाऱ्यांचं केबिन. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माहिती अधिकारी, आणि कोपऱ्यात ठेकेदाराचा माणूस.

साहेब शांत होते. त्यांनी माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "नो-पार्किंगचा आदेश?"

"तसा आदेश आढळून येत नाही, सर."

"दंडाच्या अधिकाराचा?"

"तोही आढळून येत नाही."

करारनामा आणि दरपत्रक मात्र आढळलं. त्यात बाजाराजवळच्या एका मोकळ्या मैदानावर दुचाकीला दहा रुपये शुल्क घ्यायचा ठेका होता. बँकेसमोरचा रस्ता त्यात नव्हताच. 'दंड' हा शब्द सबंध करारनाम्यात नव्हता.

मग आली स्थळप्रत. पावती क्रमांक ४१. मी माझी मूळ पावती शेजारी ठेवली. माझ्या पावतीवर २००. स्थळप्रतीवर १०. खोडाखोड नाही, 'दंड' नाही, काही नाही. पेनाने केलेला दोनशेचा आकडा खालच्या कागदावर उतरलाच नव्हता, कारण तो पावती फाडल्यावर लिहिला होता.

आपण सगळे किर्चहॉफचा नियम फर्स्ट इयरला शिकतो. नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. इथे दोनशे आत आले आणि कार्यालयाच्या हिशोबात दहाच पोचले. उरलेले एकशे नव्वद कुठल्या फांदीतून गेले, हे विचारायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. केबिनमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ठेकेदाराचा माणूस मोबाईल बघायला लागला. साहेबांनी दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे वाचलं कुणी तुमच्याकडं?" मी म्हटलं, "सर, मीच वाचलं. आजोबांनी शिकवलं."

पुढचं थोडक्यात सांगते. ठेकेदाराला नोटीस निघाली. साखळ्या बंद झाल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हाउचरवर सही घेऊन मला दोनशे रुपये परत मिळाले. माझा खर्च? स्टॅम्प तीस, झेरॉक्स, एसटीच्या फेऱ्या, सगळं धरून दोनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे अठ्ठ्याऐंशी रुपयांचा निव्वळ तोटा! आमच्या मॅनेजमेंटच्या सरांना विचारलं तर हा प्रोजेक्ट त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केला असता.

आणि महिन्याभराने बँकेसमोर खरंच बोर्ड लागला. रीतसर आदेश काढून, दोन्ही टोकांना, दिवस आणि वेळ लिहून. आता तिथे गाडी लावता येत नाही. मी लावत नाही. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही, कारण रस्ता अरुंद आहे आणि बाजारच्या दिवशी ॲम्ब्युलन्स अडकते. दंड असावा, जरूर असावा. पण आधी बोर्ड, मग साखळी. आधी नियम, मग पावती. हा क्रम उलटा झाला की दंडाची वसुली होते, आणि वसुली कुणाच्याही हातात पावती पुस्तक देऊन करता येते.

गाळ्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मार्च संपला, करार आला नाही. एप्रिल गेला. पप्पा जेवायला बसायचे आणि अर्ध्यात उठायचे. मला कुणी एक शब्द बोललं नाही, त्यामुळे जास्त जड जात होतं. उशीर माझ्या अर्जामुळे होता की नेहमीचाच होता, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. मग एका रविवारी पप्पांचा होस्टेलवर फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, मेसचं जेवण कसंय विचारलं, आणि मग म्हणाले, "ते जोडपत्र 'अ' कुठं मिळतं गं?"

त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. गाळ्याच्या फाईलवर कोणत्या तारखेला कुणी काय शेरा लिहिला, त्याच्या प्रती मागितल्या. 'का' विचारलं नाही! पोचही घेतली. तीस दिवस पूर्ण व्हायच्या आतच करार झाला. आबांनी तेव्हा पेढे वाटले नाहीत, फक्त पप्पांचा अर्ज मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "संदर्भ लिहायला विसरलास."

सुनावणीच्या दिवशी साहेब अजून एक बोलले होते. "ज्यांच्याकडं पावती असेल त्यांनी घेऊन यावं, बघून पैसे परत देऊ." स्थळप्रतींवर सगळीकडे दहाच होते, त्यामुळे कुणी दोनशे भरले हे फक्त मूळ पावतीवरूनच कळणार होतं. मी आणि आबांनी बँकेबाहेर, कृषी सेवा केंद्रात, चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. तिघं जण पावती घेऊन गेले आणि त्यांना पैसे मिळाले. एका रविवारी ते मोसंबीवाले काकाही भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पावती? ती तर मी तिथंच टाकली बाई, गाडी काढता काढता. कोण वाचतंय तिला?"

म्हणून होस्टेलवाल्यांनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या त्या पावत्या एकदा बाहेर काढा. वाचा. आकडा सोडून बाकीचंही वाचा. आणि पुढची पावती हातात पडेल तेव्हा ती खिशात कोंबायच्या आधी एवढं नक्की विचारा, "बोर्ड कुठाय?"